भ्यालीय ती

दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत तेरखेड्यातलं कुठलंही कुत्रं कोपऱ्यात बसलं, की गाव एकच निदान करतं : फटाक्यानं भ्यालंय. आमचं गाव वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं, फटाक्यांसाठी ओळखलं जाणारं. दूरदूरचं गिऱ्हाईक गाडी थांबवून येतं आणि पिशवी भरायच्या आधी म्हणतं, "एक लावून दाखवा की." आमचंही दुकान आहे. म्हणजे त्या आवाजात आमचाही वाटा आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

चिंगी आमची गावठी कुत्री. पाच वर्षांची, तांबूस, एक कान कायमचा मुडपलेला. दसऱ्याच्या सकाळी तिनं भाकरी हुंगली आणि बाजेखाली शिरली. आई म्हणाली, "भ्यालीय ती. दिवाळी झाली की हुईल नीट." शेजारच्या आबांनी कानात कापूस घालायला सांगितलं. मी घातला. चिंगीनं तो झटकलासुद्धा नाही. खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. एरवी कानाला हात लावला तरी ती घर डोक्यावर घेते. पण हंगामाचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि निदान तर आयतंच मिळालेलं.

दुसऱ्या दिवशी नाकाला हात लावून पाहिला. ओलं होतं, म्हणून ताप नाही असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडून माणसाच्या तापाची गोळी आणली, ती खिशातच राहिली. चौथ्या दिवशी पहाटे मुलगी ओरडली. शहाबादी फरशीवर रुपयाएवढे लाल ठिपके पडले होते, बाजेपासून दारापर्यंत. चिंगीच्या एका नाकपुडीतून थेंब थेंब रक्त येत होतं. आई काहीच बोलली नाही.

मित्राच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत पोतं अंथरलं आणि येरमाळ्यावरून बार्शी गाठली. डॉक्टरांनी तिला हात लावण्याआधी मलाच प्रश्न विचारले. रेबीजची लस कधी दिली? कुणाला चावली का? लाळ गळते का, पाणी गिळता येतं का? घशात काही अडकलंय असं वाटलं म्हणून कुणी तोंडात हात घातला होता का? पिसाळलेल्या जनावराला गिळता येत नाही आणि लोक नेमका तिथंच हात घालतात, म्हणाले. लस वर्षाच्या वर्षाला दिलेली होती. मग मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "फटाक्यानं भ्यालीय, साहेब."

"रात्री आवाज थांबल्यावर खाते का?"

मी गप्प झालो. नव्हती खात. मध्यरात्रीच्या शांततेतही ती तशीच पडून होती. घाबरलेलं कुत्रं धापा टाकतं, शेपूट पायात घालतं, लपतं, थरथरतं. पण गोंगाट निवला की हळूहळू बाहेर येतं आणि ताटलीकडे वळतं, असं त्यांनी सांगितलं. चार चार दिवस सलग उपाशी राहिलं तर त्यामागं भीतीपलीकडचं काही असतं.

मग त्यांनी तिचा वरचा ओठ उचलला. हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते; दाबल्यावर पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग भरतो. चिंगीची हिरडी दाबण्याआधीच मेणबत्तीसारखी फिकट होती. रंग परत यायला तिथं रंगच नव्हता. (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.) थर्मामीटर तेल लावून शेपटीखाली घातलं : 104.6. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, 101 ते 102.5 फॅरनहाइट. त्यामुळे हातानं ताप कळत नाही. नाकाच्या ओलाव्यावरून तर नाहीच नाही.

शेवटी त्यांनी तिचा पुढचा पंजा उचलून बोटं फाकवली. बोटांच्या बेचक्यात एरंडाच्या बियांसारखे फुगलेले करडे गोचीड. मुडपलेल्या कानाच्या आत आणखी सात-आठ. ज्या कानात मी कापूस कोंबला होता, त्याच कानात!

गोचीडताप. गोचीड रक्त पिताना जंतू आत सोडतो, आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका म्हणजे प्लेटलेट कमी होत जातात. तपासणीत चिंगीच्या 31 हजार निघाल्या. असायला हव्यात साधारण दोन ते पाच लाख. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे याच रोगानं गेले, असं डॉक्टर सलाईन लावता लावता म्हणाले. बॉम्बनं नव्हे, गोचिडानं. मला उगाचच आमचं गाव आठवलं.

खिशातली गोळी मी तेव्हा टेबलावर ठेवली. ती पॅरासिटामॉल होती. ही मांजराला पाव तुकडा दिली तरी जीव जाऊ शकतो, मांजराच्या यकृताला ती पचवताच येत नाही. आणि अंगदुखीची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करते, असं त्यांनी सांगितलं. चिंगीच्या रक्ताची ती अवस्था, त्यात मी काय घालणार होतो, याचा विचार आजही नको वाटतो.

औषध निघालं डॉक्सिसायक्लिन, वजनावर मोजून, 28 दिवस. दुधातून नाही, उपाशीपोटी नाही, वरून पाणी पाजायचं. भाकरीच्या कुस्कऱ्यात तूप घालून गोळी लपवायचं काम मुलीकडं. तिसऱ्याच दिवशी चिंगी खायला लागली, तेव्हा आई म्हणाली, "बरी झाली की आता. कशाला पैसे घालतो?" मोह मलाही झाला होता. पण ताप उतरला तरी जंतू दबा धरून राहतो, आणि मधेच सोडलं तर पुन्हा उलटतो.

गोचीड काढायचं काम मात्र माझं. लहानपणी आम्ही ते उपटून निखाऱ्यावर टाकायचो. टचकन फुटायचे, आमच्या पोरवयातला सगळ्यात स्वस्त फटाका. आता चिमटा कातडीला टेकवून, गोचिडाचं पोट न दाबता सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. एक मादी हजारो अंडी घालते, तीही अंगावर नाही, भिंतीच्या भेगांत. म्हणून बाजेमागची भिंत लिंपून घेतली, गोठ्यात फवारा मारला आणि तो वाळेपर्यंत चिंगीला लांब बांधलं. आबा गुरांचं औषध तिच्या अंगावर चोपडायला घेऊन आले होते. किती पाण्यात किती घालायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही. हात जोडून परत पाठवलं.

पंधराव्या दिवशीच्या तपासणीत प्लेटलेटचा आकडा दीड लाखावर आला. दिवाळी गेली. अठ्ठाविसावी गोळी पोटात गेली त्या संध्याकाळी गल्लीत तुळशीचं लग्न लागत होतं. मंगलाष्टकं संपली आणि कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. चिंगी तीरासारखी बाजेखाली गेली आणि थरथरायला लागली.

मी आडवा होऊन आत हात घातला, ओठ उचलला, अंगठा दाबला. पांढरा ठिपका उमटला आणि लगेच गुलाबी झाला.

"भ्यालीय ती," मी आईला सांगितलं.

रात्री दहाला बाहेर येऊन तिनं आख्खी भाकरी खाल्ली.