निळी वही

आम्हा भावंडांचे बालपण चेंबूरच्या एका चाळीतील खोलीत गेले. माहुलकडील तेलशुद्धीकरण कारखान्याची ज्योत रात्रभर आकाश तांबडे करी. त्या उजेडात झोप येईना, तेव्हा आई एक अंगाई म्हणे. गरीब झोपडीतील माता आपल्या लेकराला निजवीत आहे, असे ते गीत. ते आईनेच रचले असावे, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती.

खरा कवी पुढे एका जुन्या पुस्तकात भेटला. दत्तात्रय कोंडो घाटे; कविनाम ‘दत्त’. जन्म १८७५, मृत्यू १८९९. केशवसुत मराठी कवितेला नवे वळण देत होते, त्याच काळात हा तरुण लिहीत होता. जेमतेम २४ वर्षांच्या आयुष्यात लिहून होणार ते किती? आज ती अंगाई पुष्कळांच्या ओठी आहे. कवीचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक.

तरीही दत्त पुसले गेले नाहीत, याचे श्रेय त्यांच्या पुत्राला. वडील गेले तेव्हा विठ्ठल अवघा चार वर्षांचा होता. पित्याचा चेहरा तरी त्याला कितपत आठवत असेल! परंतु पुढे रविकिरण मंडळातील वि. द. घाटे म्हणून नावारूपाला आलेल्या या मुलाने ‘दत्तांची कविता’ वाचकांच्या हाती दिली.

हे वाचले आणि आमची मान खाली गेली. आमचे बाबाही पदे रचीत. नाताळची गाणी, पवित्र मारियेची स्तोत्रे, पगाराच्या दिवसावर एक विनोदी पद. सारे एका निळ्या वहीत. ते गेले तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. पुढे चाळ सोडताना ती वही रद्दीबरोबर गेली. कोणी दिली, यावर आम्ही वर्षानुवर्षे वाद घातला. खरे पाहता ती आम्ही सर्वांनीच दिली. कारण ती उघडून आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती.

गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिनी, कबरीवर मेणबत्त्या लावून परतल्यावर आम्ही आईभोवती बसलो. तिला अकरा ओळी आठवल्या, बारावी अर्धीच. धाकटीने ती नव्या वहीत तशीच अर्धी उतरवून घेतली आहे.

वाचकहो, आपल्या घरी अशी एखादी वही असेल, तर ती आज रात्रीच उघडावी, ही विनंती.