कासू ते तालकटोरा

आमच्या कासूवरून दिल्लीची गाडी रोज जाते. एर्नाकुलमहून निघालेली मंगला एक्स्प्रेस सारे कोकण ओलांडून येते, रोहे-नागोठणे मागे टाकते आणि आमच्या स्टेशनावरून अशी धडधडत निघून जाते की, फलाटावर बोरांची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीच्या डोक्यावर पदर ठरत नाही. जाते, पण थांबत नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली तेव्हापासून लांबलांबच्या गाड्यांचा हा नुसता वारा आम्ही खात आलो आहोत. दिल्लीला जायचे असेल तर आधी दिव्याच्या गाडीने पनवेल गाठायचे आणि तिथे ह्याच मंगलेची वाट पाहत उभे राहायचे. आपल्याच दारावरून गेलेल्या पाहुण्याला परगावी जाऊन भेटावे, त्यातला प्रकार!

पेण आणि नागोठणे ह्यांच्या मधोमध, मुंबई-गोवा महामार्गाच्या काठी आमचे गाव. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला थेट अंबा नदीच्या खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट. खाडीला बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाने जमिनीतला खार धुऊन काढला की मोड आलेले बी फेकायचे आणि तांबड्या 'राता' भाताची वाट पाहायची, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. उधाणाने बांधाला खांड पडली की वर्ष गेले. साहित्याशी आमचा संबंध विचाराल तर 'गीताई'कार विनोबा १८९५ साली पेण तालुक्यातल्याच गागोद्याला जन्मले, एवढे सांगून मी बरीच वर्षे वेळ मारून नेत आलो आहे. कारण मी मराठीचा प्राध्यापक, आणि पंचेचाळिशी उलटली तरी एकही साहित्य संमेलन न पाहिलेला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय संमेलन दिल्लीत भरणार हे तर त्याआधीच ठरले होते. आमच्या स्टाफरूममध्ये वीरश्री संचारली. जायचे म्हणून आठजणांनी हात वर केले. तिकिटे काढायच्या दिवशी त्यांतले तीन उरले : इतिहासाचे एक सहकारी, आमचे ग्रंथपाल आणि मी. संमेलनात 'कविकट्टा' असतो, तिथे नवशिक्यांनाही कविता वाचायला मिळते, असे कळले. मी खारेपाटावर एक कविता करून पाठवली आणि काय आश्चर्य, ती स्वीकारल्याचे कळले!

मग तयारी सुरू झाली. दिल्लीच्या थंडीची सर्वांनी मला इतकी भीती घातली की, घरात साधा स्वेटर नसलेल्या मी शेजाऱ्याकडून एक भला जाड कोट मागून आणला. तो घातल्यावर धाकट्या मुलीने मला ओळखायचे नाकारले. पत्नीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून द्यायचे ठरवले. चटणीचा वास डबाभर सुटेल, ही माझी तक्रार तिने ऐकून घेतली आणि आणखी एक डबा भरला.

निघायच्या आदल्या रात्री कविता मोठ्याने वाचून पाहत होतो. ओटीवर आत्या बसली होती. ही माझी थोरली आत्या. वय ऐंशीच्या घरात, अक्षरओळख नाही. पण आमच्या पंचक्रोशीत तिला मान मोठा, कारण ती धवलारीण आहे. आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंतचे विधी धवलारीण चालवते आणि प्रत्येक विधीला त्याचे त्याचे गाणे म्हणते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती गाणी कुठल्या पोथीत नाहीत. एका बाईच्या कंठातून दुसरीच्या कंठात जातात. आत्या आपल्या सासूकडून शिकली. तिच्याकडून मात्र कोणी शिकले नाही.

आत्याने सारी कविता शांतपणे ऐकली आणि विचारले,

"बरी हाय रं बाला. पन ह्याला चाल कंची?"

"आत्या, ही मुक्तछंदातली आहे. हिला चाल नसते."

"मंग लोकांच्या ध्यानात कशी रव्हायची?"

मी हसलो आणि बॅग भरायला लागलो. तो प्रश्न बॅगेत कुठेतरी पडला असावा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने पनवेल गाठले, रात्री एका मित्राकडे मुक्काम केला आणि सकाळी मंगलेत चढलो. पुण्याहून संमेलनासाठी खास गाडी सुटली होती, तिच्या डब्याडब्यांतून काव्यवाचने चालली होती म्हणे. आमच्या डब्यात केरळी परिचारिका, सुटीवरून परतणारे दोन जवान आणि आग्र्याला निघालेले एक नवविवाहित जोडपे होते. तेव्हा संमेलन आम्ही तिघांतच उरकले. कसारा घाट चढून गाडी नाशिकच्या द्राक्षांच्या मुलखात शिरेपर्यंत इतिहासकारांनी मराठीचे वय सिद्ध केले. नाणेघाटातले सातवाहनांचे लेख, हालाची गाथासप्तशती, आणि शेवटी आमच्या जिल्ह्याचा मान म्हणून अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख! त्यावरचा शक अनेक अभ्यासक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचतात. "म्हणजे आपल्या भागात हजार वर्षांपूर्वी मराठी दगडावर कोरत होते," ग्रंथपाल म्हणाले, "आणि आज कागदावर लिहायला सांगितले तर मुले तोंड वाकडे करतात!" जवळ्याच्या डब्याचे झाकण उघडले तेव्हा मी धास्तावलो होतो. पण समोरच्या केरळी मुलीने वास ओळखला आणि हात पुढे केला. समुद्राकाठच्या माणसांना दुभाषा लागत नाही.

दिल्लीत उतरलो तो लख्ख ऊन. फेब्रुवारीच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला थंडी आपले बाडबिस्तर गुंडाळून निघाली होती. तो कोट पुढचे चार दिवस मी खांद्यावरून वाहिला.

१७३७ साली पहिल्या बाजीरावाने दिल्लीला धडक दिली तेव्हा मराठी फौजेचा तळ तालकटोऱ्याच्या परिसरात पडला होता, असे सांगतात. त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ हे तीन दिवस मराठी माणसांचा तळ पडला. उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते विज्ञान भवनात झाले. तिथले निमंत्रण आमच्यापाशी नव्हते. त्यामुळे आम्ही तालकटोऱ्यात पुस्तकांच्या गाळ्यांतून हिंडलो. नांदेडचे शिक्षक, कोल्हापूरचे वकील, बेळगावचे एक वयोवृद्ध गृहस्थ, अशा ओळखी होत गेल्या. दिल्लीत जन्मलेली आणि मराठीत अडखळणारी मुलेही भेटली. त्यांचे अडखळणे ऐकताना मला आमच्या वर्गातल्या मुलांच्या सफाईपेक्षा अधिक बरे वाटले. ती मराठीकडे येत होती.

दिल्लीतले हे दुसरे संमेलन. पहिले १९५४ सालचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष आणि उद्घाटक पंडित नेहरू. मूळ गंगोत्री त्याहून जुनी. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकार जमले, तेव्हापासूनचा हा प्रवाह. पण दुसऱ्या, म्हणजे १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले आणि त्यांनी पत्र लिहून यायचे नाकारले, हेही आपण मुलांना शिकवतो. शूद्रातिशूद्रांचे दुःख ज्या लिहिणारांच्या लेखणीत उतरत नाही त्यांच्या मेळाव्यात आपले काय काम, असा त्या पत्राचा रोख होता. एवढी वर्षे मी तो प्रसंग परीक्षेचा प्रश्न म्हणून शिकवला. तो माझ्याच घराच्या ओटीपर्यंत येऊन पोहोचेल असे कधी वाटले नव्हते.

ह्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या डॉ. तारा भवाळकर. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष आणि अरुणा ढेरे ह्यांच्यानंतरच्या सहाव्या स्त्री-अध्यक्ष. आयुष्यभर त्यांनी लोकसंस्कृतीचा, बायकांच्या ओव्यांचा आणि कथागीतांचा अभ्यास केला. ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत त्यांच्या तोंडचे शब्द त्यांनी विद्वानांच्या सभेत नेऊन बसवले. व्यासपीठावर त्यांना पाहताना मला अभिमान वाटत होता, आणि थोडे अस्वस्थही. अस्वस्थपणाचे कारण त्या क्षणी कळले नाही. ते दुसऱ्या दिवशी कळले.

कविकट्ट्यावर माझा नंबर उशिरा लागला. समोर बसलेल्यांत बहुतेक आपापली पाळी येण्याची वाट पाहणारे कवी. कवितेला टाळ्या पडल्या, त्या मी लवकर संपवल्याबद्दल असाव्यात. खाली उतरलो तर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ समोर आले. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथेच राहिले, त्याला चाळीस वर्षे झालेली.

"तुम्ही खारेपाटातले ना? कवितेत खांड हा शब्द आला आणि कान टवकारले. मी वडखळकडचा." आणि मग माझा हात धरून म्हणाले, "सर, आपल्याकडे लग्नात बायका ते धवले म्हणायच्या. अजून म्हणतात का हो? हळदीचा एखादा येतो तुम्हाला? दोन ओळी म्हणा ना."

वाचकहो, मी मराठीचा एम. ए. मराठीची आद्य कवयित्री महदंबा. तिने तेराव्या शतकात श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर जी गाणी रचली त्यांचे नावच 'धवळे'. ते मी दरवर्षी वर्गात शिकवतो. महानुभावांच्या ज्या रिद्धपुराशी ते जोडलेले आहेत तिथे आता मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. महदंबेचे धवळे मला पाठ आहेत. पण आमच्या बोलीत ळ चा ल झाला एवढ्यानेच वेगळा दिसणारा तोच शब्द, तीच लग्नाची गाणी, माझ्या घरात ऐंशी वर्षांची बाई गाते, आणि त्यांतली एक ओळ मला येत नव्हती. लहानपणी मांडवात झोपेत ऐकलेला नुसता सूर आठवत होता. सातशे वर्षांपूर्वीच्या बाईचे मी टिपण काढले आणि घरातल्या बाईला मुक्तछंद समजावत बसलो!

मी घरी फोन लावला. पत्नीने तो आत्याच्या कानाशी धरला. "आत्या, दिल्लीत आपल्याकडचे एक काका भेटलेत. हळदीचा धवला म्हण." ती आधी कुरकुरली. मग घसा खाकरला आणि म्हणू लागली. माणसांच्या त्या गदारोळात, फोनचा कर्णा पूर्ण उघडून, आम्ही दोघे एका खांबाआड उभे राहिलो. काकांनी डोळे मिटले होते. चारपाच ओळी झाल्या आणि सूर थांबला. मला वाटले, फोन बंद पडला.

"म्होरचं आठवत नाय रं बाला," आत्या म्हणाली.

काका काही बोलले नाहीत. फक्त माझा हात दाबला आणि गर्दीत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ठराव झाले, समारोप झाला. आम्ही पुस्तकांची दोन गाठोडी बांधून निघालो. येताना मी खिडकीशी बसून काय विचार करत होतो ते सांगायला नको. पनवेलहून पुन्हा दिव्या-रोह्याची गाडी धरली. कासूला उतरलो तेव्हा शेतातून कुठेतरी पोपटी लावल्याचा, भांबुर्ड्याच्या पाल्याचा आणि वालाच्या शेंगांचा वास येत होता. त्या वासाने मी घरी आल्याची खात्री झाली.

दिल्लीत घेतलेली नवी कोरी वही घेऊन मी त्याच रात्री आत्यासमोर बसलो. तिने मला वेड्यात काढले. "असं बसून धवला येतो कं? हलद लागाया पायजे, मांडव पायजे." प्रसंगावाचून गाणे नाही, असा तिचा कायदा. तेव्हा मे महिन्यात जवळच्या वाडीतल्या एका लग्नात मी तिच्यामागे वही घेऊन हिंडलो. तिथे मात्र चमत्कार झाला. हळदीची वाटी हातात येताच दिल्लीच्या फोनवर अडलेला धवला आपणहून पुढे सरकला, पाण्याला वाट मिळावी तसा. सगळे आले असे नाही. दोन गाणी अर्ध्यावर तुटली. एकाची नुसती सुरुवात राहिली. ती गेलीच. बांधाला पडलेली खांड वेळेवर बुजवली नाही तर शेत खाजणात जाते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरी ही खांड मी उघड्या डोळ्यांनी पडू दिली.

पावसाळ्यात साऱ्या ओळी स्वच्छ अक्षरात उतरवल्या. गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्री वही घेऊन आत्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. वर्गात वाचतो तशी, शब्द न्‌ शब्द सुटा. आत्या मन लावून ऐकत होती. माझे झाल्यावर तिने वहीवरून हात फिरवला, जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली,

"समदं बराबर लिवलंस. पन बाला, ह्याला चाल कंची?"

आता रोज संध्याकाळी, रोह्याकडची गाडी गेली की, मी आत्यापुढे बसतो. ती एक ओळ म्हणते, मी तिच्यामागून म्हणतो. माझा आवाज ऐकून धाकटी मुलगी उशीत तोंड खुपसून हसते. परवा मी एका ओळीत चुकलो, तर हसता हसता तिनेच ती सुरात पुरी केली.