शहाडची उताणी कुस्ती

कल्याणला लोकल निम्मी रिकामी होते. उरलेली मंडळी कसाऱ्याच्या वाटेला लागतात आणि आता जरा ऐसपैस बसावे म्हणतो तोच शहाड येते. टिटवाळ्याच्या गणपतीला जाताना हे स्टेशन आपण सगळ्यांनी पाहिलेले असते, पण खिडकीतून. मुद्दाम उतरावे असे इथे आहे काय? सेंचुरी रेयॉनचा कारखाना आहे. बिर्लांनी बांधलेले विठ्ठलाचे देखणे मंदिर आहे. आंबिवलीकडे जाताना उल्हास नदी आहे. शेजारी उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या छावणीला शहराचे नाव मिळाले. जमिनीवर आपटलेली माणसे हात टेकून पुन्हा उभी राहिली, असा हा सगळा मुलूख.

मी उतरलो तो बहिणीच्या निरोपावरून. तिची मुलगी आठवीत आहे, अंगाने काटकुळी. गेले चार महिने ती इथल्या एका हॉलमध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते. "दादा, तू तालमी पाहिल्या आहेस," बहीण म्हणाली. "एकदा जाऊन बघ आणि सांग, चालू ठेवायचे की बंद करायचे. पोर रोज उताणी पडते म्हणे, आणि वर कोणीतरी बसते!"

उताणी हा शब्द मलाही खटकला होता. आपल्या कुस्तीत पाठ लागली की खेळ खलास. शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान घ्या नाहीतर गावजत्रेचा फड घ्या, दोन्ही खांदे मातीला टेकले की चितपट. म्हणून खाली गेलेला पैलवान पोटाशी माती धरून राहतो. १९१० साली लंडनला झिबिस्को नावाचा पोलिश मल्ल गामासमोर असाच पालथा पडून राहिला. गामासारखा गामा, पण दोन तासांहून अधिक झटूनही त्याला उलटवू शकला नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे १९२८ साली पतियाळाला मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवले, हा भाग वेगळा.

हॉलमध्ये शिरलो तर माती नाही, लाल हौदा नाही. रबरी गाद्या आणि जाड पांढरे अंगरखे. आणि निम्मी मुले खुशाल पाठीवर! पाठ टेकलेला इथे हरत नाही. तो पाय वर करून समोरच्याला अडवतो, कमरेभोवती पायांची मिठी मारतो. या पायांच्या तटबंदीला गार्ड म्हणतात. मला चटकन मल्लखांब आठवला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपाला आणला, तो कुस्तीला पूरक म्हणूनच. खांबाला पायांनी घातलेली अढी आणि इथली पायांची मिठी यांत मला तरी फारसा फरक दिसेना. फरक इतकाच, की इथला खांब पळून जायला बघतो!

पळून जायचे कसे, हाच त्या संध्याकाळचा धडा होता. डावाचे नाव तोरेआंदो, म्हणजे बैलाशी खेळणाऱ्याची चाल. बैल अंगावर आला की तो अडवायचा नाही. त्याला बाजूने जाऊ द्यायचे. उभ्या खेळाडूने पडलेल्याच्या गुडघ्यांपाशी पाटलोणीचे कापड दोन्ही मुठींत धरायचे. मोहरीच्या आत बोटे खुपसायची नाहीत, तसा नियम आहे. मग हात ताठ ठेवून दोन्ही पाय एका बाजूला ढकलायचे आणि आपण दुसऱ्या बाजूने वळसा घेऊन त्याच्या कुशीशी पोचायचे. खांदा छातीवर, कंबर खाली. तिथे तीन सेकंद टिकलात तर तीन गुण. खरी गोम पावलांत आहे. नवशिका हातांनीच पाय उचलून फेकू बघतो आणि दमतो. जाणता स्वतः चालतो. दादरला गर्दीच्या वेळी दारातल्या माणसांना न ढकलता कडेने आत सरकणारे गृहस्थ आठवा, म्हणजे कळेल.

ही विद्या इतक्या लांबून आली कशी, ही कथाही वळशाचीच. मित्सुयो माएदा हा जपानी ज्युदोपटू देशोदेशी कुस्त्या करत १९१४ साली ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि १९२५ साली रिओमध्ये त्याने शाळा काढली. धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ. ताकदीने जमेना, म्हणून खाली पडूनही लढता येईल अशा रीतीवर त्याने भर दिला. आडदांडांनी शोधलेली विद्या माझ्या भाचीच्या काय कामाची?

तिची जोडी तिच्या दीडपट वजनाच्या मुलाशी लागली, तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर आलो. दोनदा त्याने तिचे पाय बाजूला सारले आणि तो छातीवर आला. दुसऱ्या वेळी तिने त्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. त्याच क्षणी तो सुटून बाजूला झाला. थाप पडली की थांबायचे, मग समोर कोणी असो. तिसऱ्यांदा तो वळसा घेऊ लागला तशी ती कमरेवर सरकली, मध्ये गुडघा घातला आणि पाय पुन्हा त्याच्यासमोर. तो पुन्हा फिरला, ती पुन्हा सरकली. पडलेली होती, पण अडकलेली नव्हती.

बहिणीचा फोन हॉलमध्येच आला. "काय रे, पाहिलेस? पडते ना उताणी?"

"पडते," मी म्हटले. "पण तुझ्या-माझ्यासारखी नाही. चालू ठेव. आणि त्या अंगरख्याचा आणखी एक जोड घे, एक वाळत असताना दुसरा लागेल."

"आणि अभ्यास?"

त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. घड्याळ दाखवून भाचीला खूण केली, गाडीची वेळ झाली होती. आता गुडघ्यांपाशी कापड धरून वर उभी राहायची पाळी तिची होती.

"मामा, दहाच मिनिटं," ती मान न वळवता म्हणाली, "आत्ता कुठे पावलं जमायला लागलीत."

ती गाडी गेली. पुढचीही गेली.