ज्याची पेटी त्याने

इंग्लंडात आमचा भाचा कालव्यातल्या बोटीत राहतो. जानेवारीत आम्ही उभयता आठवडाभर राहून आलो. बोट रुंदीला जेमतेम 7 फूट. तिथल्या कालव्यांचे दरवाजेच तेवढे अरुंद. शेगडीत कोळसा रात्रभर धुमसत ठेवायचा. कायमचा धक्का नसेल तर 1995 च्या कायद्याने एका जागी साधारण 14 दिवसच थांबता येतं.

"पत्त्याच्या रकान्यात काय लिहितोस?" आम्हा कारकुनांना हाच घोर.

"मित्राचं घर, मामा."

संडासाची पेटी मात्र ज्याची त्याने उचलून ठरल्या जागी रिकामी करायची. शेजारच्या बोटीतले निवृत्त प्राध्यापकही आपली पेटी नेताना दिसले. आपल्याकडे हे काम कुणाच्या माथी मारलं, ते वाचकांना सांगायला नको. तिसऱ्या दिवशी पेटी आम्ही उचलली. भाचा "राहू द्या" म्हणत होता. चांगलीच जड होती.