मामा तलावात कॅमेरा उतरेल का?

पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांचा एक क्लब पुण्यात भरतो, हे सहकाऱ्याकडून कळलं आणि एका रविवारी त्याच्यासोबत गेलो. माझं गाव चामोर्शी. समुद्र पाहिला तो नोकरीला लागल्यावर. आमचं पाणी म्हणजे वैनगंगा आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांनी बांधलेले तलाव. त्यात पोहायचं, म्हशी धुवायच्या, ढिवरांच्या जाळ्यात काय आलं ते बघायचं. गावच्या मित्राला फोनवर क्लबाचं सांगितलं, तर तो हसून म्हणाला, “पाण्याखाली का दिसते गा?”

बहुतेक मंडळी स्कूबा डायव्हिंग करणारी. तारकर्ली, नेत्राणी, अंदमान ही नावं सारखी कानावर पडत होती. आता मोठमोठ्या माशांच्या गोष्टी ऐकाव्या लागणार, अशी मनाची तयारी केली. पण सुरुवातीचा बराच वेळ गेला एका रबरी कड्यावर. कॅमेरा ज्या पेटीत बंद करून पाण्यात नेतात तिला हाउसिंग म्हणतात. तिच्या झाकणाच्या खाचेत ही ओ-रिंग बसते. एक काका ती बोटांतून सावकाश फिरवत होते. उजेडात धरून बघितली, बारीकसा धागा चिमटीने काढला, जेमतेम चमक येईल इतकंच सिलिकॉन ग्रीस लावलं. एखादा केस अडकला तरी पाणी आत शिरतं आणि कॅमेरा कामातून जातो. मग रिकामी हाउसिंग बादलीत दाबून धरली. बुडबुडा आला नाही, तेव्हा कुठे आत कॅमेरा बसवला.

नंतर पडद्यावर फोटो आले. पाणी आधी लाल रंग गिळतं; चार-पाच मीटरवरच तो फिका पडायला लागतो आणि खाली जावं तसं सगळं निळंकरडं होतं. म्हणून फ्लॅश लागतो. पण तो लेन्सला चिकटून असेल, तर धुक्यात गाडीच्या हेडलाइटचं होतं तेच होतं: तरंगणारा कण न् कण चमकतो. त्यासाठी फ्लॅश लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना धरायचे. खरा उपाय त्याहून साधा. झूम करायचं नाही, जवळ जायचं. मधलं पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ.

हे ऐकून मला धीर आला. विचारलं, “काका, गढूळ तलावात जमेल?” दोघं-तिघं हसले. काका नाही हसले. म्हणाले, “पावसाळा सरून गाळ बसू द्या. उथळातच राहा, तळाला पाय लावू नका. वाइड लेन्स घ्या आणि हातभर अंतरावरून काढा. पाणी हिरवं दिसेल, ते तसंच असू द्या.”

मग मी गोंदिया जिल्ह्यातल्या तलावांचं सांगितलं. तिथे ढिवर समाजातल्या बायकांनी बेशरमाची झाडं उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासे वाढले. त्या कामाचे काठावरून काढलेले फोटो मी पाहिलेत: गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका, हातात रोपं. पण काम झालं ते पाण्याच्या आत. त्या पाणवनस्पतींत मासा कुठे अंडी घालतो, पिल्लं कुठे लपतात, हे काठावरून कसं कळणार? खोलीत जरा चर्चा झाली. प्रवाळाचे हजारो फोटो निघतात, आपल्या तलावांचे का नाहीत, असं एक ताई म्हणाल्या.

आमच्याकडचे तलाव मच्छीमार सोसायट्यांकडे ठेक्याने असतात. त्यामुळे उतरायचं तर आधी सोसायटीला विचारायचं. कमळाच्या देठांत नितळ पाणी कुठे सापडतं आणि मरळ पिल्लं घेऊन कुठे फिरते, हेही तिथलीच माणसं सांगतील. जुना कॅमेरा आहे. हाउसिंग काका वापरायला देणार आहेत, ओ-रिंग नीट जपायच्या अटीवर. दिवाळीनंतरच्या बैठकीला प्रत्येकाने एक फोटो आणायचाय. माझा चामोर्शीकडच्या तलावातला असेल, हिरवट असेल. त्यातले कण कुणाला मोजायचे असतील, तर खुशाल मोजोत.