लिपस्टिकची नळी, परीक्षेचे पॅड आणि एक स्वस्त गिटार

१/
शिकागोच्या सिअर्स, रोबक कंपनीची किंमतसूची हा विसाव्या शतकातील अमेरिकी घरांमधला जाडजूड ग्रंथ होता. शेतीच्या अवजारांपासून कपड्यांपर्यंत बहुतेक सारे संसारोपयोगी सामान त्यातून टपालाने मागवता येई. १९६० च्या दशकाच्या आरंभी या ग्रंथात एक विद्युत गिटार दाखल झाली. नाव सिल्व्हरटोन, क्रमांक १४४८, किंमत ६७ डॉलर ९५ सेंट. ती ज्या पेटीतून येई, त्या पेटीच्या अंगातच छोटा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बसवलेला असे. पेटी उघडावी, तार जोडावी आणि वाजवायला बसावे. आणखी काही विकत घेण्याची गरज नव्हती.

आजचा धागा या गिटारीविषयी आणि तिला जन्म देणाऱ्या काटकसरीविषयी.

२/
प्रथम किंमत तिच्या काळात ठेवून पाहू. जुन्या डॉलरचा आकडा नुसता वाचला तर तो फसवतो. त्याला मजुरीच्या तराजूत घालावे लागते. सप्टेंबर १९६१ पासून अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन ताशी १ डॉलर १५ सेंट होते. या दराने ही गिटार, पेटी आणि ॲम्प्लिफायरसह, सुमारे ५९ तासांच्या कामाची. आता दुसरे पारडे. १९५४ मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हा तिची छापील किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती आणि किमान वेतन ताशी ७५ सेंट. हिशेब ३३२ तासांच्या पुढे जातो, आणि त्यात ॲम्प्लिफायर धरलेलाच नाही. एकीकडे दीड आठवड्याची कमाई, दुसरीकडे सुमारे दोन महिन्यांची.

३/
सिल्व्हरटोन हे नाव सिअर्सचे. गिटार घडवणारा कारखाना न्यू जर्सीतील डॅनेलेक्ट्रो कंपनीचा. तिचा संस्थापक नेथन डॅनियल याचा जन्म १९१२ चा, न्यूयॉर्कचा. आईवडील लिथुआनियाहून आलेले ज्यू स्थलांतरित. डॅनियल वाद्यकारागीर नव्हता. तो विजेचा माणूस होता. १९३० च्या दशकात त्याने एपिफोन कंपनीसाठी ॲम्प्लिफायर बनवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यू जर्सीतील फोर्ट मॉनमथ येथे सैन्याच्या संदेशवहन विभागासाठी मुलकी अभियंता म्हणून त्याने काम केले. लष्करी वाहनांच्या विद्युतयंत्रणेमुळे रेडिओ संदेशांत जी खरखर शिरते ती कशी थोपवावी, हा तेथील त्याच्यापुढचा प्रश्न होता. हा तपशील लक्षात असू द्यावा. पुढे तो कामी येतो.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्याने डॅनेलेक्ट्रोची स्थापना केली. आधी टपाल-विक्रीच्या कंपन्यांसाठी ॲम्प्लिफायर आणि १९५४ पासून गिटारी.

४/
त्याच १९५४ साली गिब्सन या प्रतिष्ठित कंपनीनेही स्वस्त गिटार आणली होती: लेस पॉल ज्युनियर, ९९ डॉलर ५० सेंट. तिची रीत वेगळी. घरात एक महागडी थोरली बहीण होतीच. तिच्या अंगावरचे दागिने एकेक करून उतरवले की धाकटी तयार. कोरीव पोट गेले, कडेची किनार गेली, दोनांपैकी एक पिकअप गेला. महोगनीचे सपाट लाकूड आणि डिंकाने सांधलेली मान मात्र राहिली. ज्युनियर उत्तम वाद्य आहे, यात शंका नाही. पण तिची काटकसर वजाबाकीची आहे. डॅनियलपाशी वजा करण्यासारखी थोरली बहीणच नव्हती. त्याने शून्यापासून बेरीज केली आणि प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारला: याचा आवाजाशी किंवा हाताशी संबंध आहे काय?

५/
लाकडाचा फारसा नाही, असे उत्तर त्याने दिले. १९५६ पासून त्याच्या गिटारींच्या अंगात पॉप्लर या साध्या लाकडाची चौकट असे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मेसोनाइटचे पातळ तक्ते. मेसोनाइट हा १९२० च्या दशकात मिसिसिपीतील लॉरेल गावी विल्यम मेसन याने शोधलेला हार्डबोर्ड. लाकडाच्या कपच्या दाबाखालील वाफेत ठेवून एकदम मोकळ्या केल्या की त्यांचा तंतू तंतू सुटतो. ते तंतू उष्णतेने दाबले की लाकडातलेच द्रव्य त्यांना धरून ठेवते. महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याने ही वस्तू हाताळली आहे. परीक्षेला नेण्याचे तपकिरी पॅड, एका अंगाने गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाने जाळीदार, ते याच जातीचे.

पॅडची कड कशी भुसभुशीत दिसते ते आठवा. गिटारीची कडही तशीच उघडी पडे; ती झाकायला डॅनियलने रेक्झिनसारखी प्लास्टिकची पट्टी चिकटवली. रंधा नाही, कडेचे कोरीवकाम नाही.

६/
आता पिकअप. विद्युत गिटारीचा प्राण येथे असतो: लोहचुंबक, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर कंप पावणारी पोलादी तार. तार हलली की वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह जागा होतो. अडचण अशी की हे वेढे तारेचा कंप पकडतात तसे खोलीतल्या दिव्यांची आणि यंत्रांची गुणगुणही पकडतात. फोर्ट मॉनमथचा जुना शत्रू पुन्हा समोर उभा! त्याला अडवायला धातूचे आवरण हवे. डॅनियलने लिपस्टिकच्या रिकाम्या धातूच्या नळ्या खरेदी केल्या, चुंबक आणि वेढे आत सरकवले आणि तोंडे बंद केली. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यासाठी त्या नळ्या आधीच मोठ्या संख्येने आणि चकचकीत मुलाम्यासह तयार होत होत्या. वेगळा साचा पाडण्याचा खर्च वाचला. आत चुंबक मात्र अल्निकोचा, म्हणजे महागड्या गिटारींत असतो त्याच जातीचा.

या एका भागात सारा डॅनियल दिसतो. जेथे कोणी ऐकत नाही तेथे तो निर्दय कंजूष आहे. जेथे कान पोचतो तेथे पैसा घालतो. दोन पिकअपच्या गिटारींत त्याने ते दोन्ही एकामागून एक असे जोडले. त्यामुळे ते एकत्र वाजवताना आवाज अधिक भरदार होई. त्यासाठी एका सेंटचाही जादा खर्च नव्हता, केवळ जोडणीचा विचार होता.

७/
स्वस्त वाद्याची खरी कसोटी मात्र मानेवर लागते. मान वाकली की तारा पडद्यांपासून उंच जातात, दाबताना बोटे सोलतात आणि शिकणारे मूल महिन्याभरात वाद्य कोपऱ्यात उभे करते. सर्वांत वाईट म्हणजे ते मूल दोष वाद्याला देत नाही. आपल्यातच संगीत नाही, असे मानून बसते. नवशिक्याला वाईट वाद्य विकणे हा साधा व्यापारी लबाडपणा नव्हे. त्याची भरपाई पावती दाखवून मिळत नाही.

डॅनियलने मानेत पोलादाच्या दोन पट्ट्या घातल्या. त्या घट्ट-सैल करता येत नसत, पण मानेला सहसा वाकू देत नसत. मान अंगाला स्क्रूने बसवलेली, म्हणजे डिंक वाळण्याची वाट पाहणे नाही. तारा जेथून मानेवर उतरतात तेथे हाडाऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी.

८/
तरीही आरती ओवाळण्याचे कारण नाही. या गिटारीची घोडी म्हणजे एका पत्र्यावर ठेवलेला रोझवूडचा एक आडवा तुकडा. प्रत्येक तारेची जाडी वेगळी, म्हणून तिची लांबीही किंचित वेगळी ठेवावी लागते. स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहा तारांसाठी सहा वेगळे आधार आहेत. येथे सगळ्यांना एकच. परिणामी खालच्या पडद्यांवर सूर जुळवावा तर वरच्या पडद्यांवर तो घसरतो. खुंट्या हलक्या प्रतीच्या. १४४८ ला पडदे अवघे १८. पेटीतला ॲम्प्लिफायर जेमतेम तीन वॅटचा. ढोलवादक मित्र शेजारी बसला की त्याचे अस्तित्व संपले. आणि हार्डबोर्डचे पाण्याशी वैर आहे, हे पावसात भिजून फुगलेले पॅड ज्याने पाहिले त्याला सांगायला नको.

यांतील घोडीचा दोष अक्षम्य वाटतो. पोलादाच्या पट्ट्यांवर खर्च करणाऱ्या माणसाने सुरावर तडजोड का करावी? काही थोडे अधिक सेंट येथे शोभले असते. बाकीचे दोष नवशिक्याला पहिली दोन वर्षे जाणवतही नाहीत.

९/
गिटार कोणाच्या हाती पडली, हा इतिहासाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. वाद्यांची दुकाने मोठ्या शहरांत असत. सिअर्सची सूची टपाल पोचेल तेथे पोचे. वंशभेदाचे कायदे असलेल्या दक्षिणेत तर तिला आणखी एक अर्थ होता. गावच्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला गोऱ्यांचे आटोपेपर्यंत थांबावे लागे, उधारीच्या अटी मुकाट स्वीकाराव्या लागत आणि कोणती वस्तू त्याने घेणे दुकानदाराला रुचेल याचाही अंदाज घ्यावा लागे. टपालाने आलेल्या मागणीपत्राला कातडीचा रंग नसतो. सिअर्स ही काही समाजसुधारक संस्था नव्हती, तिला विक्री हवी होती. पण परिणाम हेतूची परवानगी घेऊन घडत नाहीत.

१०/
१९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका मुलाला पंधराव्या वाढदिवशी आईने ॲकॉर्डियन दिले. त्याला ते नको होते. गहाणवटीच्या दुकानात ते देऊन त्याने डॅनेलेक्ट्रो गिटार आणि छोटा ॲम्प्लिफायर मिळवला. तो जेरी गार्सिया, पुढे ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाचा गिटारवादक. १९६१ मध्ये सैन्यात भरती झालेल्या जिमी हेंड्रिक्सने घरी राहिलेली आपली गिटार वडिलांकडून मागवून घेतली. तीही लाल रंगाची, डॅनेलेक्ट्रोच्याच कारखान्यातली सिल्व्हरटोन. तिच्यावर त्याने शाळेतल्या मैत्रिणीचे नाव रंगवले होते.

अशी नावे देताना सावध असावे. हजारो गिटारी विकल्या गेल्या की त्यांतून दोन-चार थोर वादक निघणारच. त्याने वाद्याची थोरवी सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की पहिल्या पायरीवर या वाद्याने त्यांना अडवले नाही.

११/
पुढची साक्ष अधिक वजनाची आहे, कारण ती निवडीची आहे. लेड झेपेलिनच्या जिमी पेजला कोणतीही गिटार परवडत होती. तरी ‘काश्मीर’ हे गीत रंगमंचावर वाजवताना तो डॅनेलेक्ट्रोच हाती घेई, तिच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावून. लिपस्टिकच्या नळीतून येणारा तो स्वच्छ, किंचित पोकळ, टणत्कारी नाद महोगनीतून निघत नाही.

१२/
१९६६ मध्ये एमसीए या मनोरंजन क्षेत्रातील बड्या कंपनीने डॅनेलेक्ट्रो विकत घेतली. १९६७ मध्ये त्याच कारखान्यातून कोरल नावाने विद्युत सितार निघाली. तिची चपटी घोडी आपल्याकडच्या जवारीची नक्कल करू पाहणारी. मिरजेचा कारागीर ती ऐकून हसला असता, पण त्या काळच्या अनेक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांवर तिचाच झंकार आहे. १९६९ मध्ये कारखाना बंद झाला. डॅनियल पुढे हवाई बेटांवर राहिला आणि १९९४ मध्ये वारला.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या कंपनीने डॅनेलेक्ट्रो हे नाव पुन्हा बाजारात आणले. नव्या गिटारींच्या घोड्या बऱ्याच सुधारल्या आहेत. अंगात हार्डबोर्ड तोच, पिकअप नळीतलेच, आणि कडेला ती चिकटवलेली पट्टीही आहे.