एका रथाचे दोन सारथी

आमच्या लोअर परळांत गिरण्यांचे भोंगे बंद होऊन कचेऱ्यांचे मनोरे उठले. मग घरांत नवा संगणक आला यांत नवल तें काय? नातवानें त्यावर विमान चालविण्याचा खेळ लावला. मायक्रोसॉफ्टचा हा खेळ प्रथम निघाला १९८२ सालीं. त्याच सालच्या जानेवारींत येथील गिरणीकामगार संपावर गेले होते.

परंतु विमान धांवपट्टी सोडतें न सोडतें तोंच पडदा काळा होई. "बापाचे पैसे पाण्यांत घातलेस," असें आम्ही सर्वांदेखत बोलून गेलों. पोर जेवलें नाहीं.

रात्रीं त्यानें कारण शोधिलें. जुन्या संगणकाची डिस्क नव्यांत बसविल्यामुळें जुन्या ग्राफिक्स कार्डाचा 'ड्रायव्हर' तिच्यांत तसाच राहिला होता; नव्याशीं त्याचें पटेना. 'सेफ मोड'मध्यें त्यानें दोन्ही समूळ काढले, नव्या कार्डाचा तेवढा पुन्हा घातला, आणि विमान सुखरूप उडालें!

कठोपनिषदांत बुद्धीला सारथि म्हटलें आहे, हें आम्हीं जन्मभर शिकविलें. एका रथावर दोन सारथी चालत नाहींत, हें मात्र नातवानें शिकविलें. सकाळीं आम्हीं त्याची क्षमा मागितली. वाचकहो, घरांतही जुन्या सारथ्यानें लगाम वेळींच सोडावा, हें बरें.